गाशे मेकुरियांच्या हातचे जव

तिरुवर्क गेली तेव्हा मिकाएलचा प्याला तिच्याच घरात होता.

भरतकाम केलेल्या कापडात गुंडाळलेलं ते मातीचं छोटं भांडं गल्लीतल्या डझनभर घरांत वर्षभर फिरत असतं. दर महिन्याला संत मिकाएलच्या दिवशी एका घरी महबर, म्हणजे संताच्या नावानं जमणारं गल्लीचं मंडळ, भरतं. धर्मगुरू येऊन प्रार्थना म्हणतात, मोठा पाव मोडला जातो, आणि मग घरच्या यजमानिणीनं केलेला तल्ला सगळ्यांच्या पेल्यांत पडतो. तल्ला म्हणजे रांजणात आंबवलेली जवाची बिअर. उंच डोंगरावरच्या देब्रे बिरहान गावच्या थंडीत जव सोडून दुसरं फारसं काही पिकत नाही, त्यामुळे इथल्या बायकांचं सगळं कसब त्या रांजणात उतरलेलं असतं. निघताना पुढच्या महिन्याची यजमानीण प्याला आपल्या घरी नेते आणि बाकीचे टाळ्या वाजवत, गात तिला दारापर्यंत पोचवतात.

तिरुवर्कनं तो असाच वाजतगाजत आणला, फळीवर ठेवला आणि नवऱ्याला, गाशे मेकुरियांना, म्हणाली, "या खेपेला असा तल्ला करते की बिर्केचं नाक खाली आलं पाहिजे." जव भिजत घालायच्या आतच तिच्या छातीत कळ आली आणि सगळंच राहिलं.

त्यानंतर महबर भरलंच नाही. दुःखाच्या घरातून प्याला मागायचा कुणी? शेवटी स्मृतिदिनाचं जेवण उरकल्यावर एका सकाळी महबरचे म्होरके वोल्देयेस आणि शेजारची बिर्के असे दोघं गाशे मेकुरियांकडे आले. कॉफी बिर्केनंच केली, कारण गाशेंनी केलेली कॉफी तिनं एकदा प्यायली होती. पहिला कप झाला, दुसरा झाला, तरी विषय निघेना. तिसऱ्या कपाला वोल्देयेसनं घसा खाकरला.

"मेकुरिया, प्याला आता बिर्केकडे जाऊ दे. पुढचा मान तिचाच आहे."

"आणि आमचा?"

"तो मान तिरुवर्कचा होता रे."

गाशे फळीकडे बघत राहिले. महबर न भरताच प्याला ज्या उंबऱ्यावरून पुढे निघून जातो तो उंबरा महबरातून उठतो, हे गल्लीत कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. मग आपण दुसऱ्यांच्या घरी पाहुणे म्हणून बसायचं, आणि आपल्या दारात मात्र कुणी गात यायचं नाही. तिरुवर्कनं हसत घरात आणलेला मान आपण मान खाली घालून परत पाठवायचा, हे गाशेंना सोसवेना.

"प्याला कुठं जाणार नाही," ते म्हणाले. "महबर इथंच होईल. तल्ला मी करीन."

बिर्केला ठसका लागला. "तुम्ही? अहो गाशे, या घरातली चूल कुठल्या कोपऱ्यात आहे ते तरी माहितीये का तुम्हाला?"

"शिकेन."

"शिकेन म्हणे! मी देते ना करून. माझा रांजण लावते, तुम्ही नुसते दारात उभे राहून या बसा म्हणा."

"तुझ्या घरात झालेला तल्ला तुझ्या घरचा, बिर्के. तिच्या घरचा तिच्या घरातच व्हायला पाहिजे."

"पुरुषाचा हात लागला की तल्ला आंबत नाही, नासतो. लिहून ठेवा माझं." बिर्केनं कप आपटले, गोळा केले, धुतले, आणि प्याला न घेताच तरातरा घरी गेली.

बिर्के आणि तिरुवर्क यांचं नातं सांगायला जरा कठीण आहे. एकीच्या घरी मीठ संपलं तर ते दुसरीच्या डब्यातून जायचं, पण एकीचा तल्ला दुसरीनं चांगला म्हटलेलं गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं. तिरुवर्कला मातीत ठेवताना सगळ्यांत मोठ्यानं रडली ती बिर्केच.

संध्याकाळी अदिस अबाबाहून मुलीचा, हिरुतचा फोन आला. "अबाये, हे काय ऐकतेय मी? मी कारखान्याच्या बिअरचे खोके पाठवते. आता सगळे तेच करतात, कुणी नावं ठेवत नाही."

"खोक्यांतून तुझी आई येणार आहे का?" गाशे म्हणाले, आणि मग पोरीला उगाच रडवलं म्हणून स्वतःवरच चिडले.

गाशे मेकुरियांचं सगळं आयुष्य कांबळ्यांच्या कारखान्यात, लोकर धुण्याच्या खात्यात गेलं. मेंढीच्या अंगावरची घाण, चरबी, काटेकुटे यांनी माखलेली लोकर त्यांच्या हौदात पडायची आणि ढगासारखी बाहेर निघायची. धुण्याच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. घरच्या तल्ल्यात मात्र त्यांचा वाटा एवढाच की पहिला पेला चाखायचा आणि खोट काढायची. "या खेपेला पातळ झालाय." "या खेपेला कडू लागतोय." त्यावर तिरुवर्कचं उत्तर ठरलेलं असायचं, "मग पुढच्या वेळी तुम्हीच करा ना!" आणि दोघं हसायची. आता ती पुढची वेळ आली होती आणि हसायला समोर कुणी नव्हतं.

ते शिकायला निघाले. शिकायचं म्हणजे दारोदार जाऊन बायकांना विचारायचं. कोपऱ्यावर फांतायेचं तल्ल्याचं दुकान आहे. दारात काठी रोवून तिच्या टोकाला पत्र्याचा डबा उपडा घातला की आत तल्ला मिळतो हे ज्याला त्याला कळतं. फांताये गोल, हसरी, मोठ्या पुरुषांना गाशे आणि मोठ्या बायकांना इतिये म्हणणारी, आणि बोलण्यात पटाईत.

"गेशोचा पाला घ्यायचा की काड्या?" गाशेंनी तिला विचारलं. गेशो म्हणजे तल्ल्याला कडसर चव देणारं झुडूप.

"काड्या. पाल्यानं घसा खवखवतो. पण इतिये बिर्केला विचारू नका, त्या पालाच सांगतील."

बिर्केनं पालाच सांगितला. शिवाय काड्या घालणाऱ्या बायकांबद्दल चार शब्दही सांगितले. गाशेंनी दोन्ही घेतलं.

जवांना मोड आणायला त्यांनी ते भिजवून ओल्या गोणपाटात बांधले. पण थंडी अशी की मोड डोकं वर काढेनात. तेव्हा कारखान्यातून निवृत्त होताना भेट मिळालेलं, आजवर घडी न मोडलेलं कांबळं त्यांनी पेटीतून काढलं आणि गोणपाटावर पांघरलं. स्वतः जुन्या विरलेल्या शालीत कुडकुडत बसले. फांताये डोकावली तेव्हा तिला हसू आवरेना. "गाशे, बाळंतिणीची नाही ठेवत कुणी एवढी बडदास्त!"

"मग? जवच बाळंत होतायत ना!" गाशे म्हणाले. मोड आले. वाळवले. दळून आणले. रांजणात घालायच्या भाकऱ्या थापल्या. त्या कुठल्याच देशाच्या नकाशाशी जुळत नव्हत्या, पण चांगल्या करपवून भाजल्या की चालतात असं सगळ्या बायकांचं एकमत होतं.

मग वेगळे जव भाजायचे होते. तल्ल्याला रंग येतो तो या काळ्या भाजलेल्या जवांचा. तिरुवर्कच्या बसक्या स्टुलावर बसून गाशेंनी मातीच्या मोठ्या तव्यावर जव पसरले आणि लाकडी उलथन्यानं हलवायला घेतले. बायकांचं कसं होतं, एका चुलीवर जव आणि दुसऱ्या चुलीवर कालवण, मध्येच दारात कुणीतरी हाक मारतं. गाशेंना कुठं जायचं नव्हतं आणि हाक मारणारंही कुणी नव्हतं. दाणा दाणा फिरत राहिला. पिवळा झाला, तांबूस झाला, मग कॉफीच्या रंगाला आला, आणि एकही जळला नाही. विस्तव मागायला आलेल्या बिर्केनं त्यातला एक दाणा उचलून चावला. आणि ती विस्तव न घेताच परत गेली.

इथवर सगळं छान झालं. मग गाशेंनी रांजण बघितला.

तिरुवर्कचा रांजण तिच्या सासूचा, म्हणजे गाशेंच्याच आईचा. बाहेरून धुरानं काळा, आतून त्याहून काळा. बोट फिरवलं तर चिकट. वास घेतला तर धूर, आंबूस दाणे आणि कैक वर्षांचे सणवार. ज्या माणसानं जन्मभर लोकर धुतली त्याला हे बघवेना. 'धुऊन घ्या' असं दोघींनीही सांगितलं होतं. गाशेंनी बाह्या सरसावल्या. पाणी कढत केलं, साबणाची वडी किसली आणि रांजणात खांद्यापर्यंत हात घालून जो घासायला घेतला तो मातीचा तांबडा रंग दिसेपर्यंत सोडला नाही. कारखान्यातसुद्धा इतकं मन लावून त्यांनी काही धुतलं नसेल. तिच्यासाठी करत होते ना! मग सांगितल्याप्रमाणे रानजैतुनाच्या ढलप्यांचा विस्तव करून त्यावर रांजण उपडा घातला आणि धुरी दिली. साबण लावू नका असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण विस्तवात हात घालू नका असंही कुणी कुणाला सांगत नाही.

गेशो भिजला. त्यावर मोडाचं पीठ आणि भाकऱ्यांचे तुकडे पडले. तोंड कापडानं आणि चिखलानं लिंपलं. भाजलेले जव पडतात ते शेवटी, लगदा आंबल्यावर. आता फक्त वाट बघायची.

तिरुवर्क अशा वेळी येता-जाता रांजणाला कान लावायची. आतून बारीक खुसखुस ऐकू आली की म्हणायची, "बोलतोय!" गाशेंनीही कान लावला. काही नाही. दुसऱ्या दिवशी लावला. काही नाही. थंडीनं असेल म्हणून त्यांनी ते नवं कांबळं आता रांजणाला गुंडाळलं. रांजण मुका तो मुकाच. मिकाएलचा दिवस तोंडावर आला तेव्हा त्यांनी मनाची लाज बाजूला ठेवली आणि बिर्केचं दार वाजवलं.

बिर्के आली. फांतायेही आली, कारण असल्या वेळी ती कुठून तरी येतेच. बिर्केनं रांजणाला कान लावला, मग चिखल फोडून नाक आत घातलं आणि मान वर केली.

"रांजण कशानं धुतलात?"

"चांगला स्वच्छ धुतला."

"कशानं, गाशे?"

"साबणानं."

फांतायेनं तोंडावर पदर दाबला, पण हसू फुटलंच. बिर्के हसली नाही. ती खालीच बसली.

"ग्रावाच्या पाल्यानं घासतात हो रांजण, ग्रावाच्या पाल्यानं! माती सगळं पिते. साबण प्यायली ती आता. आणि तिच्यात होतं ते विरजण गेलं. तुमच्या आईपासूनचं होतं ते. तिरुवर्कनं आयुष्यभर सांभाळलं आणि तुम्ही गटारात सोडलंत."

फांतायेचं हसू विझलं. गाशेंनी रांजणाकडे बघितलं. बायकोचे कपडे पेटीत होते, चपला दाराशी होत्या, पण ती खरी होती ती या भांड्यात, आणि तिला आपण आपल्याच हातांनी, खांद्यापर्यंत हात घालून धुऊन काढलं. इतकं एकटं त्यांना तिला पुरून आल्यावरही वाटलं नव्हतं. ते उठले, फळीवरून प्याला काढला, कापडाची घडी नीट केली आणि बिर्केपुढे धरला.

"ने. तुझंच खरं झालं. पुरुषाच्या हातानं नासला."

बिर्केनं प्याल्याकडे बघितलं. तो हातात घ्यायला ती किती उतावीळ होती हे फांतायेला ठाऊक होतं. गाशे फसणारच असं धरून बिर्केनं त्याच आठवड्यात आपल्या घरी रांजण लावून ठेवला होता, म्हणजे ऐनवेळी प्याला आला तर महबरची फजिती नको.

"ठेवा तो फळीवर," बिर्के म्हणाली.

"आता कशाला?"

"ठेवा म्हणते ना!" मग ती जरा थांबली. पुढचं बोलायला तिला जड जात होतं. "माझा जुना रांजण फुटला होता, आठवतंय? बकरीनं ढुशी दिली तेव्हा. नवा कोरा रांजण आणला, त्यात दोनदा तल्ला लावला, दोन्ही वेळा मुका. रडायची पाळी आली. तेव्हा तिरुवर्क मागच्या दारानं आली आणि आपल्या रांजणाच्या तळाचा गाळ माझ्या रांजणात ओतून गेली. कुणाला सांगू नकोस म्हणाली. तिनंही नाही सांगितलं. तुम्हालासुद्धा नाही ना?"

गाशेंनी नकारार्थी मान हलवली.

"तेव्हापासून माझा तल्ला तिच्याच विरजणाचा आहे. गल्लीत मिरवते मी, पण आहे तिचाच." बिर्केनं पदरानं नाक पुसलं. "घरी रांजण लागलाय, घट्ट आहे, पाणी घालायचं बाकी आहे. इकडे आणते. आणि तू काय बघत उभी राहिलीस गं फांताये? दुकानातला एक रिकामा रांजण उचल!"

"पण बिर्के, तुझ्या भाकऱ्या, तुझं पीठ," गाशे चाचरत म्हणाले. "मग तो या घरचा कसा?"

"तुमचे भाजलेले जव कुठं आहेत?"

ते सुपात झाकून ठेवलेले होते. साबणाचा त्यांना स्पर्शही झाला नव्हता.

"माझे मी घातलेले नाहीत अजून. ह्यात तुमचे पडतील," बिर्के म्हणाली. "विरजण तिचं, जव तुमचे. आणखी किती या घरचा करायचा?"

दुपारभर तिघं राबली. बिर्केच्या घरून भांडी भरभरून तो घट्ट आंबलेला लगदा आला. फांतायेचा रांजण गाशेंच्या चुलीशी बसला. वाटेत जो भेटला त्याला फांतायेनं "गाशेंचा रांजण जरा लहान पडला" असं बेधडक सांगितलं, आणि अख्ख्या गल्लीनं ते खरं मानल्यासारखं केलं. गाशेंनी भाजलेले जव कुटून आणले आणि स्वतःच्या हातानं आत घातले, वर पाणी ओतलं. तोंड लिंपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवायच्याही आधी त्यांनी रांजणाला कान लावला, आणि तसेच कितीतरी वेळ ओणवे राहिले.

"बोलतोय," ते रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाले.

मिकाएलच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर ओलं गवत पसरलं होतं. धर्मगुरूंची प्रार्थना झाली, तिरुवर्कचं नाव घेतलं गेलं, पाव मोडला. गाशे सुरई घेऊन उभे राहिले. यजमानानं आधी स्वतः चाखायचं असतं. त्यांनी तळहाताच्या खळग्यात थोडा तल्ला ओतला आणि ओठांना लावला. मग तसेच उभे राहिले. कुणाला काही कळेना.

"काय मेकुरिया," मागून वोल्देयेस ओरडला, "पातळ झालाय का?"

सगळं घर हसलं, कारण गाशेंची ही सवय ठाऊक नाही असं तिथं कुणीच नव्हतं. गाशेही हसले, डोळे पुसले आणि पेले भरायला लागले.

वोल्देयेसनं पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, पेला उजेडात धरला. "हा तर तिरुवर्कचा तल्ला आहे," तो हळूच म्हणाला. मग त्याला काहीतरी वेगळंही लागलं. "नाही, थांबा. हा रंग, हा भाजका वास... असा तिचाही नसायचा. बिर्के, मदत केलीस वाटतं? पण तुझे जव तर एका बाजूनं जळलेले असतात."

फांतायेनं बिर्केकडे बघितलं. बिर्केनं पेला खाली ठेवला.

"विरजण तिरुवर्कचं आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझ्या घरी तुम्ही इतकी वर्षं जो पिताय त्यातही तिचंच असतं. आणि जव यांनी भाजलेत. असे मला आजवर जमलेले नाहीत. झालं समाधान? आता प्या."

एवढं बोलून तिनं आपला पेला एका दमात रिकामा केला आणि गाशेंपुढे पुन्हा धरला. गाशेंनी तो काठोकाठ भरला. त्या दिवशी रांजणाच्या तळाला गाळ तेवढा राहिला, आणि तोही फांतायेनं विरजणाला म्हणून झाकून ठेवला.

निघताना प्याला बिर्केच्या हातात गेला. सगळे गात तिच्या दारापर्यंत गेले, गाशेही गेले, थोडे बेसूर. परत फिरताना वोल्देयेसनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी हाच महिना, मेकुरिया. लक्षात ठेव."

आठवडा गेला असेल नसेल. गाशे अंगणात होते. साबण प्यायलेला रांजण त्यांनी पाण्यानं भरून ठेवला होता. रोज पाणी बदलायचं, मग उन्हात टाकायचा, म्हणजे एखाद्या वर्षानं सुधारेल असं बिर्के म्हणाली होती. तेवढ्यात ती स्वतःच कमरेवर घमेलं घेऊन आली. घमेल्यात जव होते.

"खांदा दुखतोय माझा. एवढे भाजून द्या."

"तुझा खांदा कधीपासून दुखायला लागला?"

"आजपासून. आणि धुऊ नका हो! तसेच भाजा."

गाशेंनी बसकं स्टूल ओढलं, तवा ठेवला आणि दुपारपर्यंत तिथून हलले नाहीत. भाजून झाल्यावर सूप घेऊन स्वतः तिच्या घरी पोचवायला गेले. बिर्केनं एक दाणा तोंडात टाकला, चावला, डोळे बारीक केले.

"या खेपेला जरा कमी भाजलेत."

"मग पुढच्या वेळी तूच भाज ना!" गाशे म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर ते कुणाचे हे त्यांना कळलं. बिर्केलाही कळलं. बिर्केनं सूप त्यांच्या हातातून घेतलं, भिंतीशी ठेवलं, त्यांना बसायला पाट सरकवला आणि कॉफीचे दाणे धुवायला घेतले.